गलाईची भट्टी आणि दहावीचा धडा

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पहिल्या भागात ‘धातुविज्ञान’ हा आठवा धडा आहे. त्यात धातूंची एक उतरती ओळ पाठ करावी लागते. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथिल, शिसे, तांबे, पारा, चांदी आणि शेवटी सोने. वरचे धातू उतावळे, कोणाशीही लगेच जुळणारे. खालचे धातू अलिप्त. मुले ही ओळ परीक्षेपुरती घोकतात आणि मार्च संपला की विसरतात. पण माण, खटाव, आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची भाकरी याच ओळीवर भाजली जाते. अमक्याचा मुलगा केरळात ‘दुकानावर’ आहे, असे म्हटले की कसले दुकान हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. ते गलाईचेच दुकान असते.

गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून, त्यातली भेसळ काढून शुद्ध करण्याचे काम. पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस आला तर आला, नाहीतर बाजरीसुद्धा हाताला लागत नाही. एकजण परगावी सराफ कट्ट्यावर जाऊन बसला, त्याने मेहुण्याला नेले, मेहुण्याने पुतण्याला नेले. असे करता करता केरळ-तामिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत देशभरच्या सराफ बाजारांत विटा-आटपाडी-म्हसवडकडची माणसे जाऊन बसली. आपल्या मुस्लिम घरांतली मुलेही त्यात आहेत. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे, आणि तो थोडा सविस्तर घेणार आहे.

आधी एक साधा प्रश्न. सोने जमिनीत सोने म्हणूनच सापडते, पण लोखंड लोखंड म्हणून का सापडत नाही? कारण सोने कोणाशी जुळत नाही. ऑक्सिजन, पाणी, साधी आम्ले यांपैकी कशाचाच त्याच्यावर परिणाम होत नाही. लाखो वर्षे खडकात पडून राहिले तरी ते सोनेच राहते. लोखंडाला मात्र ऑक्सिजन भेटला की ते त्याला धरून बसते. सिंधुदुर्गातल्या रेडीला किंवा गडचिरोलीतल्या सुरजागडला जे खणतात ते लोखंड नसून लोखंडाचे धातुक असते, म्हणजे एक प्रकारचा जुना गंजच. भट्टीत कोळसा घालून त्याचा ऑक्सिजन ओढून काढावा लागतो, तेव्हा कुठे लोखंड सुटे होते. आपल्या विळ्या-कोयत्यांवर पावसाळ्यात जो तांबूस थर चढतो, तो लोखंडाचा पुन्हा मूळ घराकडे जाण्याचा प्रवास आहे.

सोन्याची अडचण वेगळीच आहे. ते सुटेच असते, पण फार विखुरलेले असते. आपल्या शेजारी कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टीला सोन्याची खाण चालू आहे. कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली. अशा खाणींत टनभर दगड फोडून दळला तर हाती काही ग्रॅम सोने येते.

ॲल्युमिनिअम तर लोखंडाच्याही वरचे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावर बॉक्साइट निघते. ते बेळगावला जाते, तिथे त्यापासून ॲल्युमिना नावाची पांढरी पूड होते. पण या पुडीतला ऑक्सिजन कोळशाच्या साध्या भट्टीला दाद देत नाही, इतका तो ॲल्युमिनिअमला घट्ट बिलगलेला असतो. तिथे वीजच लागते. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोन तरुणांनी एकमेकांना न भेटता ही रीत शोधली. ॲल्युमिना क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या क्षारात विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. एक टन ॲल्युमिनिअमला चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. आपल्या आज्या ज्याला ‘जर्मलचं पातेलं’ म्हणत, ते भंगारवाल्याला देताना एवढे लक्षात ठेवा. भंगारातून ते पुन्हा वितळवायला याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच ऊर्जा पुरते, म्हणूनच भंगारवाला त्याला बरा भाव देतो.

म्हणजे माणसाला धातू सापडले ते जवळजवळ उलट्या क्रमाने. सोने-तांबे हजारो वर्षांपूर्वी, लोखंड त्यानंतर, आणि सोडियम-पोटॅशियम थेट 1807 मध्ये, हम्फ्री डेव्हीने वीज वापरली तेव्हा.

आता भट्टीकडे वळू.

समजा एखाद्या बाईने 22 कॅरेटची दहा ग्रॅमची जुनी मोड सराफाकडे दिली आणि ती गलाईला आली. 24 भागांतले 22 भाग सोने, म्हणजे दहा ग्रॅममध्ये साधारण 9.16 ग्रॅम सोने आणि 0.84 ग्रॅम तांबे-चांदी. हे 0.84 ग्रॅम बाहेर काढायचे आहे. नवख्या मुलाला वाटते, टाका तेजाबात. पण तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. ते या तुकड्याला वरवर चाटते आणि थांबते. आतले तांबे-चांदी सोन्याच्या आड लपून बसतात. म्हणून कारागीर वरकरणी उलटे वाटणारे काम करतो. शुद्ध करायच्या सोन्यात तो आणखी चांदी मिसळतो! एक भाग सोने आणि तीन भाग इतर धातू होतील इतकी, म्हणजे आपल्या दहा ग्रॅमच्या तुकड्यात साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपास. हे सगळे मुशीत एकजीव वितळवतो आणि पाण्यात ओततो. त्याचे दाणे होतात. आता सोने इतके विरळ झालेले असते की ॲसिडला आतपर्यंत वाट मिळते. भांडे तापवले की चांदी आणि तांबे विरघळून जातात, आणि तळाशी उरते ती तपकिरी भुकटी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वीटभट्टीची धूळ वाटेल. गरम पाण्याने ती धुवायची, टाकणखार टाकून पुन्हा वितळवायची, की 1064 अंशांना पिवळाधमक रस होतो.

हुशार विद्यार्थी इथे एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. चांदी त्या ओळीत हायड्रोजनच्या खाली आहे, मग ती आम्लातून हायड्रोजन कसा बाहेर काढेल? काढतच नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडात चांदी अशी विरघळत नाही. नायट्रिक ॲसिडची गोष्ट निराळी. ते नुसते आम्ल नाही, त्याच्यात ऑक्सिजन देण्याची ताकदही आहे. त्या ताकदीपुढे चांदी हरते. बाहेर पडतो तो हायड्रोजन नसून नायट्रोजनचे वायू असतात, लालसर तपकिरी. या वायूकडे पुढे यायचेच आहे.

सोने मात्र नायट्रिकलाही दाद देत नाही. त्याला लागते आम्लराज, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड. 1940 च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत मॅक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन शास्त्रज्ञांची नोबेल पदके ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोने पाठवणे तिथल्या राजवटीत गुन्हा होता आणि पदकांवर तर नावे कोरलेली. जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने ती आम्लराजात विरघळवली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. सैनिकांनी झडती घेतली, पण त्या बाटलीकडे कोणी पाहिले नाही. युद्धानंतर त्या पाण्यातून सोने परत काढले गेले आणि त्याच सोन्याची पदके पुन्हा घडवून दोघांना देण्यात आली.

सोने निघाले, आता चांदीचे काय? ती त्या ॲसिडच्या पाण्यात अदृश्य झालेली आहे आणि ती तर महाग. कारागीर त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या टाकतो. तांबे ओळीत चांदीच्या वर. ते स्वतः विरघळते आणि चांदीला बाहेर ढकलते. पट्ट्यांवर करड्या रंगाची भुसभुशीत चांदी चढते आणि पाणी हळूहळू निळे होते. हिशेब असा की एक ग्रॅम तांबे गेले तर जवळजवळ 3.4 ग्रॅम चांदी येते. चांदी पूर्ण निघाली का, हे पाहायला थोडे पाणी वेगळे काढून चिमूटभर मीठ टाकतात. पांढरे दुधाळ झाले तर चांदी अजून शिल्लक आहे. मग त्या निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकले की लोखंड जाते आणि तांबे खाली बसते. लोखंड तांब्याला हटवते, तांबे चांदीला, आणि सोने आधीच बाजूला बसलेले. पुस्तकात याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. दहावी नापास झालेला मुलगा हे रोज हाताने करतो आणि आपल्याला त्या धड्यातले काही येत नाही असे समजतो. मला याचे फार वाईट वाटते.

आमचे डाळिंबवाले शेतकरीही हेच करतात. बोर्डो मिश्रण बनवताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. ते लोखंडी पिंपात करू नका असे सांगतात, कारण लोखंड मोरचुदातले तांबे ओढून घेते. मिश्रण तयार झाले की त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. फवारले तर पाने जळतील.

आता घरातल्या गोष्टी. जुने दागिने गलाईला देऊन वजन कमी भरले की आपल्या भगिनींना वाटते, कारागिराने हात मारला. मारलेला असूही शकतो, पण आधी हिशेब करावा. 22 कॅरेटचे दहा ग्रॅम शुद्ध केले तर 9.16 च्या आसपासच यायला हवेत. 18 कॅरेटचे असतील तर साडेसात. जुन्या दागिन्यांत डाग, म्हणजे सांध्याचे डाक, जास्त असेल तर आणखी कमी. हा फरक म्हणजे चोरी नव्हे, तुम्ही विकत घेतानाच त्यात तांबे-चांदी होती. 2021 च्या जूनपासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सराफाला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिना कोणत्या शुद्धतेचा आहे ते दिसते. मुलीच्या लग्नाची खरेदी करताना दुकानातच हे पाहावे, लाजू नये.

आणि ‘केडीएम’. आपल्याकडे बायका अजून कौतुकाने सांगतात की माझा हार केडीएमचा आहे. केडीएम हा शुद्धतेचा शिक्का नाही. सांधे जोडायला सोन्यात कॅडमियम मिसळलेले डाक वापरत, त्यावरून हे नाव आले. कॅडमियम 767 अंशांनाच उकळते. सोने वितळायच्या किती आधी! म्हणजे डाक लावताना सोनाराच्या आणि तोच दागिना पुढे कधी मोडीत गेला की गलाईवाल्या मुलाच्या नाकात त्याची वाफ जाते. ती फुप्फुसे आणि मूत्रपिंडे दोन्ही बिघडवते. अंगावर घालणाऱ्या बाईला त्याचा त्रास नाही, तो भट्टीजवळ बसणाऱ्याला आहे.

जकातीबद्दलही नेहमी विचारले जाते. निसाब सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम, आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम. दागिन्यात तांबे मिसळलेले असेल तर पूर्ण वजन धरायचे की फक्त शुद्ध सोने? हनफी मस्लकमध्ये सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर तो दागिना सोनेच धरतात. शाफईंकडे आतले शुद्ध सोने मोजतात, आणि रोजच्या वापरातल्या दागिन्यांबाबतही त्यांचा हुकूम वेगळा आहे. आपल्या देशावरच्या आणि कोकणातल्या नातेवाइकांत यावरून वाद होतात ते यामुळे. निर्णय आपल्या आलिमांना विचारावा. मी फक्त वजनाचे गणित सांगू शकते.

या कामाचा आपल्या इतिहासाशी जुना संबंध आहे. अबुल फज्लच्या आईन-ए-अकबरीत शाही टांकसाळीचे वर्णन आहे, त्यात सोने शुद्ध करण्याची रीत बारकाईने दिली आहे. पत्रे ठोकायचे, क्षार आणि कच्च्या विटेची भुकटी लावायची आणि गोवऱ्यांच्या आगीत पुन्हा पुन्हा तापवायचे. राख गोळा करून धुणाऱ्याला तिथे ‘नियारिया’ म्हटले आहे. आपल्याकडे सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून नेणारे झारेकरी ते हेच काम. ‘तेजाब’ हा शब्द फारसी, तेज आणि आब, म्हणजे तिखट पाणी. ‘कल्हई’ अरबीतून आली, तिथे कथिलाला कलई म्हणत. कुरआनमध्येही सूरह रअदच्या सतराव्या आयतीत दागिन्यांसाठी धातू वितळवताना वर येणाऱ्या फेसाचा दाखला आहे. भट्टीवर बसलेल्या माणसाला त्या दाखल्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मात्र एक विनंती. ‘नायट्रिक ॲसिड जाबिर इब्न हय्यान यांनीच शोधले’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. जाबिर यांच्या नावावर चालणारे काही लॅटिन ग्रंथ पाचशे वर्षांनंतर युरोपात लिहिले गेले, असे अभ्यासक सांगतात. अर-राझी यांच्या किताब अल-असरारमध्ये पदार्थांची जी वर्गवारी आहे, ती पुरेशी थोर आहे. जे आहे ते सांगावे, फुगवून सांगू नये.

आता तो लाल धूर. म्हसवडकडच्या एका वाचक भगिनीने विचारले होते की मुलगा दहावी होताच मामाच्या दुकानावर जाणार आहे, तर त्या ॲसिडने काही होते का? होते. नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो खोलीत खाली साचतो, आणि आपली मुले कामाच्या खोलीतच खाली अंथरूण टाकून झोपतात. याची दगाबाजी अशी की जास्त धूर घेतला तरी सुरुवातीला थोडा खोकला, घशात जळजळ, एवढेच होते. मुलगा म्हणतो, काही नाही. काही तासांनंतर, कधी रात्री झोपेत, फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून असा धूर कोणी घेतला तर लगेच मोकळ्या हवेत आणायचे आणि बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्यायचे, ‘नायट्रिकचा धूर घेतलाय’ हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. थोडा थोडा धूर वर्षानुवर्षे घेतला तर खोकला आणि दम कायमचा लागतो. तोंडाला रुमाल बांधून किंवा धुळीचा मास्क लावून हा वायू अडत नाही.

मुलाला पाठवण्याआधी मामाला चार गोष्टी विचाराव्यात, आणि नात्यातला आहे म्हणून भीड धरू नये. ॲसिडचे भांडे धूर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटाखाली आहे की खिडकीत? नळी छपराच्या वर नेली आहे की शेजारच्या खिडकीत सोडली आहे? तो धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेला जातो का? मुले झोपतात कुठे? ॲसिड अंगावर उडाले तर धुवायला वाहते पाणी आहे का? निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे लागते. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडात कधीच नाही, हे मुलाकडून घरीच वदवून घ्यावे. आणि वय. 2016 मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला असे काम करायला लावता येत नाही, आणि 14 ते 18 वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. दहावी झालेला मुलगा सोळाचा असतो. त्याला दोन वर्षे बारावी करू द्या, जमल्यास रसायनशास्त्र घेऊ द्या. भट्टी कुठे पळून जात नाही. जो मुलगा शिकून तिथे जाईल त्याला मालक होण्याची घाईही असेल आणि धुराड्याची किंमतही कळेल.

शेवटी उरलेले ते निळे पाणी. कित्येक दुकानांतून ते सरळ गटारात जाते. त्यातले तांबे मासे आणि शेवाळ मारते, आम्ल सिमेंटची नळी खाते. लोखंडाने तांबे काढून घेतल्यावर पिंपात कळीच्या चुन्याची निवळी हळूहळू ढवळत टाकावी आणि लिटमसचा लाल झालेला कागद पुन्हा निळा होईपर्यंत थांबावे. तळाशी बसलेला गाळ गटारात न सोडता वेगळा ठेवावा. शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमसच्या कागदाचा गठ्ठा स्वस्तात येतो. सुट्टीवर आलेल्या माजी विद्यार्थ्यांना मी तो खिशात घालून देते.